सापाला ऊन लागत नाही म्हणे!

मंडळी, राग आवरत नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीने, तन्वीने एक छोटा, बिनविषारी अजगर पाळला होता. आज सकाळी आम्ही निझव्याला जाताना सीबच्या घराची किल्ली शेजारच्या डिसोझा अंकलकडे दिली. अजगराच्या वाटीत पाणी आहे ना, एवढंच त्यांनी बघायचं होतं.

दुपारी परतलो, तर त्याची काचेची पेटी बाल्कनीत, भर उन्हात! जूनमधलं इथलं, ओमानचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. काचेला हात लावला तर चटका बसला. अजगर मेला होता.

अंकल गोंधळले. "अहो, तुमचा एसी चालू होता. थंड रक्ताचा प्राणी, गारठेल म्हणून बाहेर ठेवला. सापाला कितीही ऊन चालतं, असा मेल आला होता ना!"

तन्वी अडखळत म्हणाली, "अंकल, पण त्याला सावलीत जाता येत नव्हतं."

अंकलच रडायला लागले. त्यांच्यावर काय ओरडणार?

तो मेल आपल्याच ग्रुपवर फिरलाय. खाली कितीतरी जणांनी "छान माहिती" असं लिहिलंय. हे खरं आहे का, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

तन्वी अजून जेवलेली नाही. तिला काय सांगू, ते आता तुम्हीच लिहा.