आक्काचा निळा दोर

माझी आत्या सकाळच्या चहाआधी दोर तपासायची. गॅलरीत मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि कडा उतरायचा तो लांबलचक दोर वीत-वीत करून बोटांतून सरकवायची. नवख्या पाहुण्यांना वाटायचं, जप चाललाय. कुठे बोट अडखळलं की डोळे उघडून मला हाक मारायची, "लिही गं."

लिहिणं हे माझं काम. आई-बाबा दुबईत, लोणावळ्याच्या घरात आम्ही दोघीच. गावात तिला सगळे आक्का म्हणत. मुलांना कडे चढायला शिकवणारी, दरीत अडकलेल्या पर्यटकांना आधी वर काढून मग शिव्या देणारी. मी इंग्रजी शाळेतली, कुणी आलं की आतल्या खोलीत जाणारी. तिने मला कधी ओढून माणसांत आणलं नाही. एक वही दिली. त्यात प्रत्येक दोराचं एक पान : कधी घेतला, कुठे वापरला, कुठे घासला. माझं मराठी अक्षर त्या वहीनेच वळणावर आणलं.

दोरांच्या बाबतीत ती निष्ठुर होती. "म्हातारा झाला की कापायचा. अख्खा ठेवला तर कुणीतरी भरवशानं उतरतं," म्हणायची. कापलेले तुकडे जवळच्या गावात, औंढ्याला जायचे. तिथल्या कितीतरी गाई-म्हशी लाल-पिवळ्या दाव्यांना बांधलेल्या असायच्या. तिथल्या हौसामावशी तिला चिडवायच्या, "आक्का, तुमच्या दोरानं आमची गाय कडा चढाय लागंल बघा."

"चढली तर सांगा. उतरवायला मीच येईन."

हा नियम तिने एकदाच मोडला, माझ्यासाठी. निळा दोर कड्याच्या धारेवर घासला होता. तिने सांगितलं, मी वहीत 'बंद' असं लिहिलं. ती सुरी घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "राहू दे ना." आयुष्यात एकदाच मी कड्यावरून उतरले होते, ती याच दोरावर. तिने सुरी खाली ठेवली. "आठ दिवस. मग तूच काप."

पाचव्या दिवशी दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठली नाही. सगळ्या दऱ्या पालथ्या घालून पलंगावर जाणं तिला अजिबात पटलं नसतं.

बाबांनी येऊन तेरावं केलं आणि ते परत गेले. मग तिची मुलं, म्हणजे तिने शिकवलेली सगळी, घरी जमली. हॉल नको, भाषणं नकोत यावर एकमत झालं. नागफणीच्या कड्यावर, माथ्याशी जमायचं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची. ती ज्या कपारीत बसून खालच्यांना ओरडायची, तिथे त्यांच्यातला प्रसाद नावाचा मुलगा उतरून झेंडूची माळ ठेवणार. "आक्काच्याच दोरावरून," तो म्हणाला. "तो निळा." सगळ्यांचे डोळे भरून आले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून यादी लिहीत होते. मी लिहिलं : निळा दोर.

त्यानंतर चार दिवस मी प्रसादला मेसेज लिहून खोडत राहिले. तो दोर कापायचा होता, हे फक्त मला माहीत होतं. तो अख्खा राहिला होता तोही माझ्यामुळेच.

नागफणीवर पन्नासेक माणसं जमली. औंढ्याहून हौसामावशीही धापा टाकत आल्या होत्या. प्रसादने दोर खांद्यावरून काढला, तेव्हा मी म्हणाले, "थांब. हा दोर बंद आहे."

"अगं, आक्काचाच ना? आणि एकदाच तर उतरायचंय."

मी पिशवीतून वही काढली आणि ते पान वाचलं. माझा आवाज वाऱ्यातच विरला.

"मोठ्यानं वाच की पोरी," हौसामावशी म्हणाल्या. "मागं कायबी आयकू येत न्हाई."

मी पुन्हा वाचलं. घासला आहे. बंद. मग, हे वहीत नव्हतं तरी, "कापायचा राहिला, कारण मी राहू दे म्हणाले होते," हेही सांगितलं. प्रसादने खिशातला चाकू उघडून माझ्या हातात दिला.

दोर सहजासहजी कापला जात नाही. मला फार वेळ लागला आणि तोवर सगळे थांबून राहिले. ज्याने-त्याने एकेक तुकडा घेतला. हौसामावशींनी वासरासाठी मापून घेतला. माळ दुसऱ्या, चांगल्या लाल दोरावरून खाली गेली.

घासलेला तुकडा मात्र मी कुणाला दिला नाही. सकाळी गॅलरीत बसून, डोळे मिटून तो बोटांतून सरकवते. हातभरच आहे, लगेच संपतो. मध्ये एका जागी बोट अडखळतं. मी डोळे उघडते. वही मांडीवर असते, पण लिही म्हणणारं कुणी नसतं.