ओळख पटेपर्यंत

माझे बाबा पावाच्या कारखान्यात भट्टीवर होते. परक्या देशात पाऊल टाकलं तेव्हा हे काम मिळालं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर चटक्यांचे फिकट डाग आहेत. बोलणं अगदी मोजकं. कारखान्यातले आपल्याकडचे लोक त्यांना 'मुनी' म्हणत. आई म्हणते, यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

माझी मुलगी इकडेच जन्मली आणि सिनेमाच्या धंद्यात शिरली. आमच्या तीन पिढ्यांवर सिनेमा करायचं तिनं ठरवलं, तेव्हा आई भरभरून बोलली. बाबा म्हणाले, "त्यात काय सांगायचं? कामं केली, पोरं मोठी झाली."

तरी तिनं सगळं उभं केलं. एका रिकाम्या गोदामात आमची पहिली खोली बांधली. लोखंडी पलंग, खिडकीच्या दांडीवर वाळत घातलेला टॉवेल, शेगडीला टेकलेलं स्टूल. आम्ही शूटिंग बघायला गेलो तर बाबा उंबऱ्याशी थबकले आणि बूट काढून आत गेले. पलंगाच्या कडेवर बसून वर पाहू लागले.

"छत नाही घातलं?"

"दिवे लावायला मोकळं ठेवलंय, आजोबा."

"बरं केलंस. आमच्या वेळी वारा म्हणून यायचा नाही."

त्या दिवशी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला उभारलेल्या विमानतळावर आमच्या घरातला सगळ्यात जुना विनोद चित्रित व्हायचा होता. मी रांगत होतो तेव्हा बाबा पुढे निघून आले. आई आणि मी आलो तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. फोटोतल्या बाबांना झुपकेदार मिशा होत्या. कारखान्याच्या नियमापायी त्या त्यांनी उतरवल्या होत्या. त्यामुळे विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसाला मी विचारलं, "काका, आमचे बाबा कुठे आहेत?" ही गोष्ट सांगून मी आजवर कितीजणांना हसवलं असेल.

माझं काम करणाऱ्या पोरानं ते वाक्य म्हटलं. बाबा झालेला नट खो खो हसला, त्यानं पोराला उचललं आणि म्हणाला, "अरे, मीच तुझा बाबा."

"असं नाही झालं," बाबा हळूच म्हणाले. पण तिथे इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

मुलगी त्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसली. "मग काय झालं, आजोबा?"

त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांगा की आता. किती दिवस पोटात ठेवणार?"

"पोर भ्यालं होतं. हिच्या पदराआड लपलं. मी हात पुढे केला तर थरथरायला लागलं. मग म्हटलं, बाबा कामावर गेलेत, मी काका. तुम्हाला न्यायला मला पाठवलंय."

"आणि मग?"

"काका म्हणूनच घरी नेलं."

पुढचं आईनं सांगितलं. ती वाटेत चिडली होती. बाबा तिला म्हणाले, "मी सांगितलं म्हणून नको. त्यालाच वाटू दे." कित्येक आठवडे हा माणूस स्वतःच्या खोलीत पाहुणा होऊन राहिला. अंधार पडला की मी विचारायचो, "काका, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?" मग बाबा उठून बाहेर जिन्यात बसायचे आणि मला झोप लागली की आत यायचे. मी उठायच्या आत पाळीवर निघून जायचे. मी बाबा कधी येणार म्हणून हट्ट धरला की तेच म्हणायचे, "येतील हं. तू जेवून घे."

"आणि कळलं कधी?" मी विचारलं.

बाबा माझ्याकडे वळले. "एकदा पायरीवरून पडलास. गुडघा फुटला. ही समोरच उभी होती. तिला ओलांडून माझ्याकडे आलास आणि बाबा म्हणून रडायला लागलास. आम्ही काही शिकवलं नव्हतं."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? गुडघा धुतला."

पन्नाशी उलटलेला मी माणूस. या माणसाच्या हाताखाली वाढलो, त्याच्याशी भांडलो, आणि मला फक्त विनोद ठाऊक होता. शेजारी दिवेवाला वायरचं भेंडोळं हातात धरून तसाच उभा होता. तो देखणा नट बाबांच्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, "थोडा वेळ इथे बसू का?"

मुलीनं तो प्रसंग नव्यानं लिहिला. थिएटरात पाहिलं तेव्हा पडद्यावर जिन्यात बसलेल्या माणसाची नुसती पाठ होती, आणि दाराआडून पोराची बडबड येत होती. आमची भाषा न कळणाऱ्या लोकांनी हॉल भरला होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी बाबांकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचं आयुष्य बघावं तसे ते नवलानं बघत होते.

बाहेर पडताना एका अनोळखी बाईनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

गाडीपाशी ते नातीला म्हणाले, "चांगलं केलंस. फक्त तो नट फार देखणा घेतलास."

"तुम्ही होतातच तसे," आई म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.