येते म्हणाली होती

आपल्यात घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. आईने आम्हा दोघी बहिणींना हे इतकं पक्कं शिकवलं होतं, की शाळेत निघताना चुकून ‘जाते’ तोंडातून गेलं तर ती परत आत बोलवायची, दोन मिनिटं बसवायची आणि ‘येते’ म्हणवून मगच सोडायची. आता आईला स्मृतिभ्रंश आहे. शब्दामागचा रिवाज पुसला गेला, नुसता शब्द उरला. ताई ‘येते हं आई’ म्हणाली की आईला वाटतं, ती येतेय.

या एका शब्दाच्या आडून मी माझ्या बहिणीशी कशी वागले ते कुणाला सांगितलेलं नाही. मी फार बोलणारी बाई नाही. पण आता सांगून टाकते.

मी लग्न केलं नाही. आई आणि मी मुलुंडला राहतो, ताई बोरीवलीला. मधे अख्खं नॅशनल पार्क. दर रविवारी ती बस बदलत येते, सोबत नारळाच्या वड्यांचा डबा. आई तिला ओळखत नाही. “बसा ना. लांबून आलात?” म्हणते. मग माझ्याकडे वळून, “अगं, पाहुण्यांना पाणी दे.” ताईचा चेहरा पडतो. पहिल्यांदा तो पडलेला पाहिला तेव्हा मला वाईट वाटलं. पुढच्या खेपेला तेवढं नाही वाटलं. मग मी रविवारची वाट बघायला लागले.

लहानपणापासून आई ताईची. तिच्या वेण्या आई घालायची, मला म्हणायची, “तू जा, बाबांकडून भांग पाडून घे.” ताईच्या बाळंतपणाला गेली ती परत यायचं नाव घेईना. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दुपारी आली आणि संध्याकाळी निघाली, कारण ताईच्या मुलाला ताप होता. आता आजाराने दोघींना एका रांगेत उभं केलं होतं. उलट मी जराशी पुढेच होते. माझं नाव तिला येत नसलं तरी ‘अगं’ मीच होते. ताई ‘तुम्ही’ होती.

मग एका रविवारी ताई गेल्यावर मी कप विसळत होते. बाहेर आले तर दार सताड उघडं. जिन्यात नाही, गेटवर नाही. ताईची बस केव्हाच गेली होती, आणि आई सापडली रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर. गाऊनवर माझी ओढणी नीट घेतलेली, हात मांडीवर.

“इथे काय करतेस?”

“थोरली येते म्हणाली ना.”

समोर बसलेली ताई तिला दिसत नव्हती. पण दारातून आलेला तो आवाज, ते ‘येते हं आई’, ते बरोबर तिच्यापर्यंत पोचत होतं. आणि ती उठून जात होती, रिक्षा आणि बसच्या मधून, तिला घ्यायला.

माझ्या जिवाची आग झाली. मीही रोज सकाळी दूध आणायला जाताना ‘येते गं’ म्हणते. आईने कधी मान वर करून बघितलं नाही. मी घरातलीच. घरात असलेल्या माणसाची कोण वाट बघतं?

ताईला एवढंच सांगायचं होतं, की निघताना तो शब्द म्हणू नकोस. पण ते सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. आई तुझ्यासाठी रस्ता ओलांडते, हे सांगावं लागलं असतं. ताई प्रत्येक रविवारी जिन्यात डोळे पुसत उतरायची. मी तिला पुसू दिले. तिच्या पाठोपाठ कडी लावायला धावायचे. कधी पोचायचे, कधी नाही. एकदा रिक्षा आईच्या अगदी अंगाशी येऊन थांबली. ड्रायव्हर ओरडला, “मरना है क्या, माँजी?” आई त्याच्याकडे बघून हसली. मी तिला दंडाला धरून घरी आणलं. तरी मी ताईला फोन केला नाही.

ताईनेच मग एका संस्थेतल्या मॅडमना बोलावलं. अशा पेशंटच्या घरी येऊन त्या धोका कुठे कुठे आहे ते बघतात. ताई मुद्दाम रजा टाकून आली. मॅडमनी गॅसचं बटण फिरवून पाहिलं, बाथरूममधली फरशी पायाने घासून पाहिली, औषधं कुठे ठेवता विचारलं. मी सगळी उत्तरं चटचट दिली.

“काकू एकट्या घराबाहेर जातात का?”

“नाही,” मी म्हटलं.

“नाही ना? नक्की?” ताईने विचारलं. मी मान हलवली.

आई इतका वेळ सोफ्यावर बसून होती. ती पुढे वाकली आणि मॅडमना म्हणाली, “तुम्ही स्टॉपवरून आलात ना? तिथे ती दिसली का?”

“कोण, काकू?”

“माझी थोरली. येते म्हणाली होती. मी जाऊन बसते तिथे, पण बस येते आणि ही काही उतरत नाही.”

ताई तिच्या समोरच बसली होती. “आई, मीच गं थोरली.”

“हो का?” आई अदबीने म्हणाली. “बसा हं. चहा होतोय.”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. ताईही. मग मी बोलले. कधीपासून, कुठे सापडते, रिक्षा किती जवळ आली होती, सगळं. मॅडमनी रागावल्यासारखं काही केलं नाही. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मला वाटायचं, तिच्या लेखी मी मेलेच,” ती म्हणाली. “तू बघत होतीस ना गं? दर वेळी? मग सांगितलं का नाहीस?”

“माझी वाट ती कधी बघत नाही म्हणून.”

“वेडी आहेस का? रिक्षाखाली गेली असती ती!”

“माहितेय.”

“काय माहितेय तुला? कपाळ!” मग डोळे पुसत, “ये म्हटलं असतंस तर तुझ्याजवळ येऊन राहिले असते मी.” तेच तर मला नको होतं.

आता काय करायचं, यावर आलो. मॅडम म्हणाल्या, निघताना काही बोलूच नका. ताई म्हणाली, “न सांगता निघू? आणि ‘जाते’ म्हणू? आईसमोर? जीभ नाही रेटणार माझी.” शेवटी ठरलं ते असं, की आईला थांबवायचंच नाही. दाराला वरची कडी बसवायची, पण रविवारी मी तिला सोबत घेऊन स्टॉपवर जायचं, ताईला बसमध्ये बसवायचं आणि आईचं वाट बघणं तिथेच पुरं होऊ द्यायचं.

गेल्या रविवारी तसं केलं. आई मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. ताईने बसच्या पायरीवरून ‘येते हं आई’ म्हटलं. बस गेली. आई बाकावर बसली आणि रस्त्याकडे टक लावली. मी शेजारी. तिच्या चेहऱ्यावरची ती आस बघून मला पुन्हा तीच आग लागली. कबूल केलं म्हणून ती विझत नाही, हे मला तिथे कळलं.

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली. “तुम्ही पण तिचीच वाट बघताय?”

“हो.”

“बघा ना, अजून पत्ता नाही. पहिल्यापासून अशीच. वेळेचं भान म्हणून नाही.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं.

“आणि हट्टी.”

“भयंकर.”

“लोकांना ताटकळत ठेवायचं आणि आपण नटत बसायचं.”

“आरशासमोरून हलत नाही ती,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी ताईला मनसोक्त नावं ठेवली. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायची राहून गेली.

मग आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. “चला,” ती म्हणाली, “तिचं काही खरं नाही,” आणि रस्ता ओलांडायला तिने माझा हात धरला.