प्याद्यावरचं बोट

मी तापट आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, तर जास्तच. अर्धांगवायूचा झटका आल्यावर दादांना वैजापूरहून माझ्याकडं शहरात, छावणी भागात आणलं, तेव्हा त्यांचा उजवा हात गेला होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता, "नाय." चहा हवा असला तरी नाय, नको असला तरी नाय. डॉक्टर म्हणाले, किती समजतं ते सांगता येत नाही. मला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून मी बुद्धिबळाचा पट काढला. दादांनी डाव्या हातानं मोजक्याच सोंगट्या मांडल्या आणि पट माझ्याकडं सरकवला. मात करून दाखव, असली कोडी ते मला लहानपणीही घालायचे. माझा जीव भांड्यात पडला.

पण माझं डोकं चालेल तर शपथ! त्यात ऑफिसची घाई. मी ती मांडणी मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला दिली. पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं, तीन चालींत मात, वजिरानं. मी ऐटीत खेळून दाखवलं. दादा म्हणाले, "नाय." आणि सोंगट्या परत होत्या तशा मांडल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. मी लॅपटॉपवर दुसरा, जास्त नावाजलेला प्रोग्राम उतरवून घेतला, त्याला अर्धा तास विचार करू दिला. वजीर, तीन चाली. "नाय." ते एका प्याद्यावर बोट ठेवायचे, मी ते बोट उचलून वजिरावर ठेवायची. "अहो दादा, ते नाही, हा! कॉम्प्युटर चुकंल व्हय?" पंधरा दिवस हाच घोळ. शेवटी मी ओरडले, "किती तो हट्ट!" आणि पट उचलून कपाटावर टाकला. दादा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

तेव्हा औरंगपुऱ्यात एका बाईंकडं मी त्यांना बोलण्याच्या सरावाला नेत होते. रिक्षात चढवता-उतरवता नाकी नऊ यायचे. भावानं फोनवर विचारलं, "त्यांना कळतं का गं काही?"

"नाही रे," मी म्हणाले. "प्यादं कोणतं, वजीर कोणता, तेसुद्धा कळत नाही आता."

सराव बंद केला. मीच ठरवलं. नंतर त्यांना काही विचारायचंही सोडून दिलं, त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलू लागले.

महिन्याभरानं दुसरा झटका आला आणि दादा पुरते अंथरुणाला खिळले.

त्यानंतर वैजापूरहून त्यांचे जुने सोबती भेटायला आले. शिंपीकाम करणारे काका. त्यांच्याच दुकानाच्या ओट्यावर दोघं तीस वर्षं रोज खेळले. मी माझं रडगाणं गायलं आणि ती मांडणी मोबाइलवर दाखवली. काका बघतच बसले, चहा गार झाला. मग हसले.

"अगं माय, तुझा बाप वजिरानं मात करंल व्हय? वजिरानं मारलं तर आमच्यात कोण इचारतं! शेवटचा शह प्याद्यानं द्यायचा. प्यादेमात. तीच खरी." आणि सहा चालींत त्यांनी ती करून दाखवली. तेच प्यादं होतं.

"पण तीन चालींत होतंय, तर सहा कशाला?"

"घाई कुणाला व्हती?"

काका गेल्यावर मी येड्यासारखी दोन्ही प्रोग्राम धुंडाळत बसले. प्यादेमात पाहिजे, असं सांगायची सोय कुठंच नव्हती. आणि मला तर ते समोर बोट ठेवून सांगत होते.

पट खाली काढला, पुसला, दादांच्या उशाशी मांडला. सहा चाली खेळले. शेवटचं प्यादं त्यांच्याच बोटानं सरकवलं.

"दादा, झाली बघा प्यादेमात. बरोबर ना?"

ते छताकडं बघत होते.

"दादा, चुकलं माझं. नाय तरी म्हणा."

म्हणाले नाहीत.