चंदन न लागलेली कार्डं

दौंड स्टेशनवर मला निरोप द्यायला आपली सगळी वस्ती आली होती. वस्तीतल्या पुढाऱ्यांनी भाषणात कॉम्प्युटरला ‘नव्या युगाचा सारथी’ म्हटलं आणि मद्रासची गाडी येईपर्यंत त्यांचा सारथी काही थांबला नाही. माझे वडील, आप्पा, यार्डात सांधेवाले होते. रुळांचे सांधे बदलून गाडी तिच्या रुळावर घालायची, हे त्यांचं काम. ड्यूटीवरून तसेच आले आणि एवढंच म्हणाले, “सांधा आधी बघायचा, मंग गाडी.”

तुम्ही मला हारांसकट डब्यात कोंबलंत. मी कॉम्प्युटर शिकायला चाललोय, असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं.

दोन वर्षं त्या यंत्राला माझा हात लागला नाही. ते काचेपलीकडे, गार हवेत होतं. आम्ही चपला काढून बाहेरूनच दर्शन घ्यायचो. शिकवणं सगळं फळ्यावर. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेचे नियम पाठ करून मी पहिला वर्गही मिळवला. तिसऱ्या वर्षी फर्मान निघालं: नाताळच्या सुट्टीआधी ज्याचा प्रोग्रॅम यंत्रावर चालणार नाही, तो नापास. नापास म्हणजे स्कॉलरशिप बंद आणि परतीची गाडी. तेव्हा कळलं, पहिल्या वर्गातल्या मला एक ओळसुद्धा लिहिता येत नव्हती.

मुळापासून शिकवलं ते कार्डं पंच करणाऱ्या कमलाम्मांनी. त्यांच्याकडे पदवी नव्हती, म्हणून त्यांना काम येत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या आपलं मशीन मला देत. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ, भोकं पाडून लिहिलेली. एक भोक चुकलं की कार्ड टोपलीत. माझ्या हिंदीला त्या हसायच्या, चुकलेल्या कार्डांना कधी हसल्या नाहीत. दोन महिन्यांनी माझा गठ्ठा तयार झाला.

आणि आयुधपूजा आली, म्हणजे आपल्याकडची खंडेनवमी. विभागप्रमुखांनी हुकूम सोडला, सगळ्यांनी आपापले गठ्ठे यंत्रापुढे पूजेला ठेवा. आपली घरं बौद्ध झाली तेव्हा मी रांगत होतो. पूजा तेव्हाच सुटली. यार्डात इंजिनापुढे नारळ फुटायचा तेव्हा आप्पा सांध्याच्या दांड्यापाशी उभे असायचे. मी गठ्ठा ठेवला नाही.

परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या प्रमुखांनी स्वतःच्या हातांनी प्रत्येक गठ्ठ्याला ओलं चंदन लावलं, वर कुंकू. दुसऱ्या दिवशी कार्डं वाचणाऱ्या मशीनमध्ये चिकटलेली कार्डं अडकली आणि ते बंद पडलं. प्रमुखांनी निदान केलं, “एक गठ्ठा पूजेबाहेर राहिला, म्हणून.” बाकीच्यांना नवी कार्डं करायला मुदत मिळाली. माझी कार्डं कोरडी होती, पण मी लेखी माफी दिल्याशिवाय ती घेतली जाणार नव्हती.

मी आप्पांना कळवलं. वाटलं, लिहितील, दे बाबा लिहून, आपलं काय जातंय. उत्तर आलं: “देवळाबाहेर उभं ऱ्हायची सवय आम्ही मोडली. तू काचेबाहेर उभं ऱ्हायला गेला न्हाईस. माफी लिहू नको. नापास झालास तर गाडी दौंडला थांबतीच.”

लिहिली नाही. मशीन सुरू झाल्यावर कमलाम्मांनी माझा गठ्ठा इतरांच्या गठ्ठ्यांत सरकवून दिला. छापून कागद आला, त्यावर चूक. पुढे कुठल्या ओळीवर जायचं, तो क्रमांकच एका कार्डावर चुकला होता. गाडी भलत्या रुळावर. सांधा बघितला नव्हता. कार्ड बदललं, प्रोग्रॅम चालला. चाललेला प्रोग्रॅम फर्मानाप्रमाणे नाकारता येईना, मी पास झालो. प्रमुखांनी सभेत त्याचं श्रेय पूजेला दिलं.

पुढे मुंबईच्या एका कचेरीत असलं यंत्र माझ्या ताब्यात आलं. आप्पा बघायला आले, तर शिपायाने त्यांना चपला काढायला सांगितल्या. यंत्राला धूळ चालत नाही, हे खरं आहे. पण पूजेच्या नारळाचं पाणी चालतं आणि आप्पांच्या चपला चालत नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही. मी म्हणालो, “आप्पा, तसेच या आत.” ते यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, “ह्याचा सांधा कुठं हाय?” मी ते चुकलेलं कार्ड दाखवलं. जपून ठेवलं होतं.

गाव कुठलं विचारलं की मी अजून दौंड सांगतो. राहायला येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण नापास होऊन उतरलो असतो तरी ज्या फलाटावर आप्पा उभे असते, त्याला मी घर म्हणतो. राहिले ते प्रमुख. त्यांना मी माफ केलेलं नाही. लेखी तर नाहीच.