एकदाच धुतलेली पावडर

मेंग बोंगसुनच्या हाताखालून कुठलीही गोष्ट अर्धवट धुतलेली जात नसे. लग्न होऊन कोरियातल्या पोहांगला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूने तिच्या तांदळाच्या पाण्यात डोकावून विचारलं होतं, "तुमच्याकडे एकाच पाण्यात उरकतात का गं?" तेव्हापासून पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचं, हे अंगवळणीच पडलं. पुढे ती बॅटरीची पावडर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, तर तिथेही धुण्याचंच काम नशिबी आलं.

भट्टीतून निघालेल्या काळ्या पावडरीवर लिथियमचा क्षार उरतो. तो पाण्याने काढायचा, पावडर सुकवायची, मग तिच्यावर बोरॉनचा पातळ थर चढवून पुन्हा भाजायची. बोंगसुन हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट करत आली होती.

यंदाची नवी पावडर मात्र निकेलने ठासून भरलेली. तिच्यामुळे गाडी लांब पळायची, पण तापली की ती बिथरायची, आतला ऑक्सिजन सोडायची, आणि मग बॅटरी पेटायला कितीसा वेळ लागतो? दोनशे तीस अंशांपर्यंत पावडर शांत राहिली पाहिजे, अशी ग्राहकाची अट होती. जमलं नाही तर हे काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार आणि बोंगसुन पॅकिंगमध्ये. तिथे रात्रपाळी. रात्रपाळी म्हणजे स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात.

नव्या पावडरीच्या तीन खेपा चाचणीत फसल्या. गटप्रमुख प्यो कधी थर जाड करी, कधी भट्टीची आच बदलून बघे.

"ताई, थर नीट धरत नाहीये का?" त्याने विचारलं.

"माझ्याकडून पावडर लख्ख जाते, साहेब. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मग घरोघरी हिवाळ्याची किमची घालायचे दिवस आले. बोंगसुनने रजा टाकली आणि दिवसभर नणंदांबरोबर मिठातल्या कोबीच्या पानांना तिखट चोळत बसली. चौथ्या खेपेची पावडर त्यामुळे प्योला स्वतःच धुवावी लागली. गडी बिनलग्नाचा, पाकिटातला शिजलेला भात गरम करून खाणारा. त्याने उभ्या जन्मात मूठभर तांदूळ धुतले नव्हते. पावडर पाण्यात एकदा ढवळली, गाळली, झालं.

रजेनंतर त्या खेपेची चाचणी लागली, त्या दिवशी ती प्योसाठी डब्यातून किमची घेऊन आली. तो संगणकाच्या पडद्यासमोर बसला होता. पावडरीतून निघणाऱ्या उष्णतेची रेघ दोनशे तीस अंशांपर्यंत सपाट राहून त्यापुढे उसळली होती.

"कोणी धुतली ही?"

"मीच."

"किती पाण्यांत?"

"एकाच."

"साहेब, त्या गढूळ पाण्यानंतर मी पायपुसणंसुद्धा वाळत घातलं नसतं."

प्यो हसला. "वरचा क्षार पहिल्याच पाण्यात जातो, ताई. पुढची पाणी दाण्याच्या आतलं लिथियम ओढतात. मग दाणा वरून कच्चा होतो आणि तापवला की दम सोडतो. जुन्या पावडरीत निकेल कमी होतं, तिला खपून जायचं."

बोंगसुनने डबा टेबलावर ठेवला. "म्हणजे तिन्ही खेपा मी घालवल्या."

"मीही. थराच्याच मागे लागलो. धुणं ताईंचं आहे म्हटल्यावर बघायचं काय, असं सगळेच म्हणत आलो."

आता हेच ग्राहकाच्या माणसांसमोर पुन्हा करून दाखवायचं होतं. बोंगसुनने पावडर ढवळली, गाळली. खाली काळपट पाणी साचलं. हात आपसूक नळाकडे गेला. प्यो मध्ये येऊन उभा राहिला.

"सरका, साहेब."

"नाही सरकत."

"नुसती बोटं धुते."

"ती तिकडच्या बेसिनमध्ये धुवा."

कडेला उभ्या, ग्राहकाकडून आलेल्या बाईंनी हसू लपवायला तोंडावर हात धरला.

पावडर सुकली, भाजली गेली, तिच्या छोट्या बॅटऱ्या बनून चार्ज झाल्या. शेवटी त्या उघडून काढलेली चिमूटभर पावडर चाचणीच्या यंत्रात गेली. रेघ दोनशे दहाला सपाट, दोनशे वीसला सपाट. बोंगसुन यंत्राकडे न बघता बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. रेघ दोनशे तीस ओलांडून थोडी पुढे गेली, मग वर चढली. बाईंनी होकारार्थी मान डोलावली आणि सहीसाठी पेन मागितलं.

प्योने लगेच पॅकिंगमध्ये फोन लावला. मेंगताई येत नाहीत म्हणाला. तिकडचं ऐकून त्याने फोनवर हात ठेवला.

"तुमच्या मापाचे बूट काढून ठेवले होते म्हणतात. गोदामात परत पाठवू का, विचारतायत."

"कसले बूट?"

"आतून लोकरीचे."

"ते मला राहू द्या म्हणावं," बोंगसुन म्हणाली.