झिनियाच्या कळ्या आणि बदली

मधुमतीबाई साताऱ्याच्या. नवरा राजनराव बँकेत, त्यामुळे संसार कायम ट्रकात. भोपाळ, राउरकेला, जम्मू. जिथे गेल्या तिथे त्यांनी हौसेने झिनिया लावला आणि पहिलं फूल उमललं की आठ दिवसांत बदलीची ऑर्डर आली. राउरकेल्याला तर पडदे शिवून व्हायचे होते. एकदा ठीक आहे, पण तीनदा? जयपूरला आल्यावर त्यांनी नुसती तुळस लावली आणि गप्प बसल्या.

पण २००५ च्या जूनमध्ये बारावीतल्या लेकीने, वल्लरीने, मुरलीपुऱ्यातल्या घराच्या अंगणात झिनियाचं बी पेरलं. शाळेचं प्रोजेक्ट होतं. कुठल्या रंगावर किती फुलपाखरं, किती मधमाश्या.

"गुलाब नाही चालत का गं?"

"आई, मॅमनी झिनियाच सांगितलाय. मतलब, नुसतं मोजायचंय."

बारावीच्या मध्यात शाळा बदलली की पोरीचं डॉक्टर होणं राहिलंच. उपटावं तर प्रोजेक्ट जातं, फुलू द्यावं तर जयपूर जातं. मग वल्लरी शाळेला गेली की बाई अंगणात वाकून नखाने कळ्या खुडू लागल्या. फुलं का येत नाहीत म्हणून लेकीने विचारलं, तर म्हणाल्या, "इथलं पाणी खारं."

इथेच चुकलं. झिनियाचा शेंडा खुडला की तो बाजूंनी जास्तच फुटतो. एका कळीच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार. ऑगस्टात झाडं कमरेला लागली. राजनराव चहा पीत दारातून बघत आणि काही बोलत नसत. एरवी हा माणूस भाजीतल्या मिठावर अर्धा तास बोलायचा.

मग बाईंना आठवडाभर ताप आला. उठून बाहेर आल्या तर लाल, गुलाबी, नारिंगी, चाळीसेक फुलं एकदम उघडलेली. अख्खं अंगण फुलपाखरांनी हलत होतं. मधमाश्यांचा एकसुरी आवाज भरून राहिला होता. वल्लरी वहीत आकडे लिहीत होती, इतकी खूश की बाईंना बघवेना.

"अहो, आता आठ दिवस," त्या पुटपुटल्या.

राजनरावांनी कप खाली ठेवला. "आठ कुठले? ऑर्डर येऊन तीन आठवडे झाले. इंफाळ. पंधरा तारखेला हजर व्हायचंय."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तू रोज तिथे वाकलेली. म्हटलं, खुडतेय तोवर खुडू दे."

बाईंनी लेकीकडे बघितलं. "वल्लरी इथेच राहील. मीही."

"आणि मी?"

"कुकर लावायला शिका."

बावीस वर्षांच्या संसारात राजनरावांनी रिकाम्या घराचं कुलूप कधी स्वतः उघडलं नव्हतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर कुठे असतो ते शोधू लागले.